कोपऱ्यावर सायकली बदलायचो तेव्हा

आम्ही दोघांनी दोन सायकली घेतल्या तेव्हा आमच्यात एकालाच सायकल येत होती. ती एक म्हणजे मी. आणि हे मला सायकली घेऊन झाल्यावर कळलं.

पण त्याच्या आधी थकव्याचं सांगायला पाहिजे, कारण सायकली आल्या त्या थकव्यातूनच.

मी लोअर परळला एका कंपनीत फोनवर बसते. लोकांचे फोन घ्यायचे, त्यांच्या शिव्या ऐकायच्या आणि मधाळ आवाजात "समजू शकते सर" म्हणायचं. काही समजत नसतं. नवरा परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. घर लालबागला, चाळीत. एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. त्यात सासूबाई, सासरे आणि आम्ही दोघं. वाईट कोणीच नाही हं. फक्त जागा नाही. आम्हाला भांडायचं असलं तरी एकाच खोलीत बसून मेसेजवर भांडावं लागायचं. तो कॉटवर, मी खाली भाजी निवडत. टिंग. टिंग. सासूबाई विचारायच्या, "कोणाचो मेसेज इलो गो सारखो?" मी म्हणायचे, "ऑफिसचा." कॉटवरून लगेच टिंग यायचं: "खोटारडी."

मी मूळची सांगोल्याकडची. वस्तीवरून तालुक्याच्या शाळेत सायकलने जायचे आणि शाळेत मला सगळे ओळखायचे ते नकलांवरून. हेडमास्तर आधी खोकतात, मग त्यांचं पोट वर्गात येतं आणि मग ते येतात, हे मी इतकं छान करायचे की पोरं खरोखर उभी राहायची. लग्नही त्यातूनच जमलं. बघायला आले तेव्हा मी आत चहा गाळता गाळता मध्यस्थ मावशींची नक्कल करत होते, "मुलगी अग्गदी साधी हो, तोंडातून शब्द निघत नाही," आणि नेमका हा पाणी मागायला दारात उभा. हसून हसून ह्याला ठसका लागला. पाणी खरंच लागलं मग. परत जाताना म्हणे गाडीत आईला सांगितलं, "मला हीच हवी, घरात टीव्ही नसला तरी चालेल."

तर असा माणूस लग्नानंतर दोनेक वर्षांनी मला एकदा बसस्टॉपवर म्हणाला, "तू हल्ली कोणाचीच नक्कल करत नाहीस."

मी म्हटलं, "घसा दुखतो."

खरं होतं. दिवसभर नको त्या माणसांशी गोड बोलून बोलून घरी येईपर्यंत माझ्यात आवाजच उरायचा नाही. पण फक्त घसा नव्हता तो. नक्कल करायला समोर कोणीतरी लागतं, जे आपलं आहे आणि ज्याला झोप आलेली नाही. मी जागी असायचे तेव्हा हा झोपलेला. हा जागा असायचा तेव्हा मी लोकांना समजून घेत बसलेली. आणि दोघं जागे असलो की मध्ये सासऱ्यांच्या बातम्या.

त्या बसस्टॉपवर आमचं ठरलं. आठवड्यातून एक तास. रविवारी सकाळी, फक्त आपला दोघांचा. बाकी काही नको.

आधी चालायला जाऊन बघितलं. लालबागमध्ये जन्मलेल्या माणसाबरोबर चालायला जाऊ नये. दर चार पावलांवर कोणीतरी. "काय रे, खंय?" मग तो थांबणार, तो माणूस वळणार, आमच्याबरोबर चालू लागणार. पहिल्याच रविवारी गणपती मंडळाचे दोन जण आम्हाला परळच्या पुलापर्यंत सोडायला आले. वाटभर आमच्या चाळीचा पुनर्विकास, बिल्डर कसा चोर आणि कमिटी कशी त्याच्याहून चोर. मी मागून चालत होते. घरी आल्यावर टिंग: "सॉरी."

सायकलची आयडिया ह्याचीच. "सायकलवर असलो की कोणी बरोबर येऊ शकत नाही. हात केला की झालं."

मी एकदम जागी झाले. "तुला येते?"

"येते म्हणजे! शाळेत असताना तर..."

ते वाक्य त्याने तिथेच सोडलं. मी कोणाच्याही आवाजातली खोट पकडणारी बाई. पण तेव्हा मला डोळ्यांसमोर वस्तीचा रस्ता दिसत होता. माझं लक्ष नव्हतं.

परळच्या एका दुकानात गेलो. शनिवार होता, मी शिफ्ट संपवून तशीच आलेली. दुकानदार बोलायला लागला की आधी दोन्ही तळहात पुढे धरायचा, जसं काही त्यांच्यावर सायकल ठेवलीय. "बघा कसं आहे. साहेबांना काहीतरी मजबूत. वहिनींना काहीतरी हलकं." कोणाला किती येते, कुठे चालवणार, काही विचारलं नाही. साहेब कोण आणि वहिनी कोण एवढं त्याने बघितलं आणि निवड संपली. साहेबांसाठी आली एक काळी, जाड टायरची, गिअरची, मधला दांडा छातीशी आल्यासारखा. वहिनींसाठी पिस्त्याच्या रंगाची, दांडा खाली वाकलेला, पुढे टोपली. टोपलीवर प्लास्टिकचं सूर्यफूल.

मी म्हटलं, "मला ती काळी बघू द्या ना. मी वडिलांची चोवीस इंची चालवलीय."

तळहात पुढे. "बघा कसं आहे वहिनी, गावात वेगळं असतं. इथे ट्रॅफिक असतं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो सूर्यफुलाकडे बघत होता. दुसरा कुठला दिवस असता तर मी त्या माणसाला त्याचीच नक्कल करून दाखवली असती आणि काळी घेऊन बाहेर पडले असते. पण दिवसभर फोनवर एवढ्या जणांशी वाद न घालण्याचे पैसे घेतले होते की माझ्या तोंडातून आपोआप आलं, "समजू शकते."

दुकानदार नवऱ्याला म्हणाला, "एक चक्कर मारून बघा साहेब."

"नको," हा म्हणाला. "ट्रॅफिक आहे."

मग निघालो. मी टांग मारणार तेवढ्यात हा म्हणाला, "अगं थांब. नव्या गाडीवर असंच बसतात का? आधी आई ओवाळू दे." त्याचं बरोबर होतं. आमच्या घरात नवीन मिक्सर आला तरी हळदकुंकू लागतं. म्हणून परळ ते लालबाग आम्ही दोन्ही सायकली हातात धरून आणल्या, लग्नातल्या घोड्यांसारख्या. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मला म्हणाल्या, "माझ्या झिलाक पाडू नको गो."

मुलाबद्दल त्या गमतीत म्हणाल्या की त्यांना माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी खाली उतरलो. मी माझ्या पिस्ता सायकलवर बसले, टोपलीत पाण्याची बाटली. हा काळी हातात धरून चालतोय.

"बस ना."

"गल्लीत कशाला? पोरं खेळतात."

पोरं झोपलेली होती. पुढे आलो. "आता?" "इथे कुत्री आहेत." काळाचौकी आली. "आता?" "चढ आहे." चढ नव्हता. "आता?" "मागच्या चाकात हवा कमी वाटतेय." मी एव्हाना उतरून त्याच्याबरोबर चालत होते. असे आम्ही पार शिवडीला पोचलो, गोदामांच्या रस्त्यावर. रविवारी तिथे कोणी नसतं. रुंद रस्ता, कडेला ओळीने उभे ट्रेलर, त्यांच्याखाली झोपलेले क्लीनर आणि गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला एक वॉचमन. ना पोर, ना कुत्रं, ना चढ.

मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्याने काळी स्टँडवर लावली, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मला येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे कधी आलीच नाही."

मी फुटपाथच्या कडेला बसले. राग यायला पाहिजे होता. आला नाही. मला एवढंच वाटलं की बसायला मिळालं ते बरं झालं.

तो पण शेजारी बसला. मग त्याने सांगितलं. चाळीतली त्याच्या वयाची पोरं भाड्याची सायकल आणून मागच्या मैदानात शिकली. हा तेव्हा दहीहंडीच्या सरावात. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळ्यात वर चढवायचे. पुढे अंग भरलं तसा खाली खाली येत तिसऱ्या थरावर थांबला. "ते खाली सायकल शिकत होते तेव्हा मी वर होतो," तो म्हणाला. "मग मोठा झाल्यावर कोणाला सांगणार, मला धर म्हणून? सगळी चाळ गॅलरीतून बघते."

"मग सायकल घेऊया असं म्हणालास कशाला?"

"तुला तास हवा होता ना. मला वाटलं, येऊन जाईल."

"आणि दुकानात?"

"दुकानात सांगणारच होतो. पण तो म्हणाला साहेबांना मजबूत." त्याने काळीकडे बघितलं. "मग मजबूत वाटलं."



शिकवायचं ठरलं. काळीवरच, कारण ती साहेबांची. पहिल्या रविवारी तीनदा पडला. दुसऱ्या रविवारी ट्रेलरला धडकला, खालून क्लीनर डोकं काढून म्हणाला, "भाईसाब, सोने दो." मी मागून सीट धरून पळायचे. काळी उंच, त्याचे पाय जेमतेम टेकायचे. पडायला लागला की पाय शोधायचा, तोपर्यंत जमीन आलेली असायची. आणि गंमत म्हणजे हात थरथरायचे नाहीत त्याचे. एकदम ताठ. पुतळ्यासारखा बसायचा आणि पुतळ्यासारखाच आडवा व्हायचा. गुडघा सोलला, कोपर सोललं. "काय मोडलं तर एक्स-रे मलाच काढावा लागणार," म्हणाला. पण हे हसून म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी हा रात्रपाळीवरून आलेला, तरी उठला. तरी पडला. पडल्यावर तिथेच बसून राहिला रस्त्यात, सायकल अंगावर.

"राहू दे," तो म्हणाला. "विकून टाकू. मंडळाच्या मीटिंगा पण रविवारीच असतात. तसेही सगळे विचारतायत, हल्ली दिसत नाहीस."

मी सायकल त्याच्या अंगावरून उचलली. पण तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सायकल येते न येते, त्याला काय एवढं? जगात कितीतरी लोकांना येत नाही, मजेत आहेत. पण सायकली गेल्या की तो तास जाणार. रविवार परत मंडळाचा, कमिटीचा, बातम्यांचा. आणि आम्ही दोघं आपापल्या शिफ्टमध्ये चांगले वागत, एकमेकांना डबे भरून देत, हळूहळू त्या घरातले दोन भाडेकरू होणार. दुसरी युक्ती आमच्याकडे नव्हती. शोधायला जीवही नव्हता.

त्या आठवड्यात काळी गॅलरीत भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारच्या काकींनी तिच्या हँडलवर टॉवेल वाळत घातला. मग परकर. सीटवर लसूण पसरलेलं सूप. काकी मला म्हणाल्या, "बरी आहे गं, दोरी कमी पडत होती."

एका संध्याकाळी सासू-सासरे कोणाच्या तरी साखरपुड्याला दादरला गेलेले. हा ड्युटीवर जायच्या तयारीत, शर्टाची बटणं लावत होता. मी गॅलरीतून काकींचा टॉवेल काढायला गेले आणि काय वाटलं काय माहीत, काळी आत ओढून स्टँडवर लावली, वर चढून बसले आणि त्याची नक्कल सुरू केली. त्याला हसवायला. मला दुसरं काय येतं?

नकलेचं एक आहे. लोकांना वाटतं आवाज काढला की झालं. आवाज शेवटी. आधी त्या माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघायचं, मग पाठ, मग मान. श्वास कुठे थांबतो ते बघायचं. तेवढं जमलं की आवाज आपसूक येतो. मी त्याच्यासारखी बसले. गुडघे कुलूप लावल्यासारखे. खांदे सपाट, एका रेषेत. हनुवटी छातीला टेकवलेली, नजर खाली, कोपरं अंगाला घट्ट. आणि श्वास आत ओढून धरलेला.

धरला आणि मला कळेना की हा नेमकं काय करतोय. सायकल चालवणारा माणूस असं कधीच करत नाही. घाबरलेलाही करत नाही. घाबरलेला माणूस लटपटतो. हा तर कशाची तरी वाट बघतोय, खांद्यावर काहीतरी येणार आहे अशी.

नवऱ्याने बटण अर्धं सोडलं. "ए, असा बसतो मी?"

"असाच."

तो माझ्याभोवती फिरून आला. खांदा दाबून बघितला. "हे थरात उभं राहणं आहे गं," तो म्हणाला. "वरचा चढत असला की असं उभं राहायचं. हललास की वरचे सगळे गेले. लहानपणापासून कानात तेच ओरडलेत: हलू नको, हलू नको, श्वास धर."

"आणि सायकल?"

"सायकल काय?"

"सायकल न हलणाऱ्यालाच पाडते रे."

एवढं वजन खांद्यांवर पेलणारा माणूस रिकाम्या रस्त्यावर का पडतो, ते तिथे काळीवर बसल्या बसल्या दिसलं. तो शिकत नव्हता असं नाही. तो आधीच शिकलेलं इमानाने करत होता.

पुढच्या रविवारी मी काळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि पिस्ता पुढे केली. सीट पार खाली आणली.

"ही लेडीज आहे."

"इथे आहे कोण बघायला?"

"वॉचमन."

"वॉचमनला मी लेडीज म्हणून सांगते तुला. बस."

बसला. दोन्ही पाय सपाट रस्त्यावर. मी म्हटलं, पेडल विसर. पायाने ढकल, रांगत्या पोरासारखा, आणि जमलं तर पाय उचल. त्याने ढकललं. खांदे परत सपाट, हनुवटी परत खाली. मी ओरडले, "थर नाही लावायचा! हल!"

"कसा हलू?"

"विसर्जनाला हलतोस तसा!"

"बेंजोशिवाय कोण हलतं?"

मग मी काय केलं, तोंडाने बेंजो वाजवला. शिवडीच्या गोदामांच्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, दुखऱ्या घशाने. आधी ढोलकी, मग ते किणकिणणारं बेंजोचं, मध्येच माईकवरचा माणूस, "कार्यकर्त्यांना विनंती आहे, ट्रॅक्टरच्या पुढे येऊ नका." नवऱ्याचा डावा खांदा आधी सुटला. मग उजवा. लालबागच्या माणसाला बेंजो ऐकून गप्प बसता येत नाही, त्याच्या हातात नसतं ते. कंबर डुलायला लागली, तशी सायकल डुलायला लागली. त्याने पाय उचलले. सूर्यफूल डावीकडे, सूर्यफूल उजवीकडे, आणि तो चाललाय. दोन ट्रेलर मागे टाकले त्याने. मी बाजूने पळत तोंडाने वाजवतेय. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तिसऱ्या ट्रेलरला मला धाप लागली, बेंजो बंद पडला आणि हा थांबला. पडला नाही. थांबला. पाय टेकून.

"परत वाजव," तो म्हणाला.

महिन्याभरात त्याला पेडल मारता यायला लागलं. आणि मग आमचं ते कोपऱ्याचं सुरू झालं. शिवडीत वॉचमनसमोर पिस्ता ठीक होती. पण गल्लीत? तिसऱ्या थराचा माणूस सूर्यफुलाच्या सायकलवर? गॅलऱ्या भरून माणसं. म्हणून घरातून निघताना तो काळी हातात धरून चालायचा, मी पिस्ता. गल्ली संपली की कोपऱ्यावर एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या शटरसमोर आम्ही सायकली बदलायचो. तो पिस्तावर, मी काळीवर. येताना परत तिथेच उलट. रोजचाच बदल असल्यासारखा, एक अक्षर न बोलता. समोरच्या पानवाल्याला पहिल्यांदा आम्ही चोर वाटलो असू. नंतर तो "झाली का बदली?" असं विचारायला लागला.

काळी मला अगदी बरोबर बसली. सीट थोडी खाली घेतली, बस्स. जड सायकल ज्याला येते त्याने घ्यायची आणि ज्याला येत नाही त्याला पाय टेकणारी द्यायची, एवढी साधी गोष्ट. साहेब आणि वहिनी बघण्यात ती कोणाच्या लक्षातच आली नव्हती, आमच्यासुद्धा.

पण खरी कसरत माझी होती. तो हळू. म्हणजे इतका हळू की चालणारी माणसं पुढे जायची. मी दोन पेडल मारली की नाक्यावर जाऊन थांबायचे, मागे वळून बघायचे, आणि तो लांबून, जीभ बाहेर काढून, डुलत येताना. तो आला की म्हणायचा, "जा तू पुढे." हे "जा तू पुढे" मला आवडायचं नाही. पुढेच जायचं असतं तर एकटी नसते गेले?

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या आधी स्लो सायकल असायची. शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. मी दरवर्षी बाद. मला हळू जायला जमायचंच नाही, पुढे रिकामा रस्ता दिसला की पाय आपोआप चालायचे. पीटीचे सर शिट्टी तोंडात ठेवूनच ओरडायचे, "फुर्रर्र, अगं मैस वळायला निघालीस का!" तर ती स्लो सायकल मी आता शिकले, जड गिअरच्या सायकलवर, त्याच्या मागच्या चाकाकडे बघत. वेगाने जाऊन कधी दमले नाही एवढी हळू जाऊन दमायचे. मांड्या भरून यायच्या. पण पुढे-मागे राहायचं नाही, बाजूला राहायचं, हे ठरवलं होतं. बाजूला राहिलं तरच तो तास, नाहीतर दोन माणसं दोन सायकलींवर.

आम्ही बोलायचो असंही फार नाही. त्याचं लक्ष रस्त्यावर, माझं ब्रेकवर. कधी तो म्हणायचा, "आज त्या दुकानदाराची कर," आणि मी एक हात सोडून तळहात पुढे करायचे, "बघा कसं आहे साहेब." तो हसला की त्याची सायकल हलायची. त्याला आता हलायची भीती उरली नव्हती.

मग तो रविवार. लागोपाठ रात्रपाळ्या करून आलेला. डोळे लाल. माझीही आदल्या दिवशी डबल शिफ्ट झालेली, सहकारीण आजारी. मी म्हटलं, झोप आज. तो म्हणाला, "तास आहे ना." गेलो. शिवडीपर्यंतही नाही गेलो, काळाचौकीच्या पुढे एका बंद गोदामाच्या ओट्यावर सायकली टेकवून बसलो आणि तो माझ्या खांद्याला डोकं लावून झोपला. मी हलले नाही. थरात उभं राहणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. डावा हात पार बधिर झाला.

तास संपला, उठवलं त्याला. परत निघालो. फोटो स्टुडिओचं शटर आलं. मी उतरले, काळी पुढे केली. पानवाला म्हणाला, "झाली का बदली?"

नवऱ्याने एक पाय टेकला. काळीकडे बघितलं. उतरायचं, स्टँड लावायचा, ती धरायची, हातात घेऊन पूर्ण गल्ली चालायची. त्याच्या तोंडावर ते सगळं एक एक करून दिसलं मला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "मला कंटाळा आलाय."

आणि पेडल मारलं.

खरं सांगते, मला वाटलं होतं असं काही झालं तर ते शौर्य वगैरे असेल. तसं काही नव्हतं. लाज वाटून घ्यायलासुद्धा अंगात जीव लागतो आणि त्या सकाळी आमच्या दोघांत मिळून तेवढा जीव नव्हता. तो गल्लीत शिरला, सूर्यफूल पुढे, खांदे सैल. मी मागून काळीवर. पोरं क्रिकेट खेळत होती, ती बाजूला झाली.

एक जण ओरडला, "दादा, लेडीज!"

"लेडीज मागे आहे," नवरा न वळता म्हणाला. "तिच्याकडे गिअर आहेत. बाजूला हो."

गॅलरीत मंडळाचा एक जण दात घासत उभा होता. त्याने ब्रश तोंडात ठेवूनच विचारलं, "काय रे, तुला येते कधीपासून?"

नवऱ्याला कधीपासून येते, एवढाच प्रश्न त्याला पडला. सायकल कोणाची आहे, हा पडलाच नाही. एवढे महिने आम्ही शटरसमोर कवायत करत होतो ती कोणासाठी, देव जाणे.

सासूबाई दारातच होत्या. मी विचार केला, आता बोलणी बसणार. त्यांनी मुलाकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, टोपलीत हात घालून दाबून बघितली.

"टोपली घट्ट आसा," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी येताना कोथमीर घेवन ये. लिंबा पण."

झालं. तेव्हापासून आमच्या तासाला कोथिंबीर लागली. मला आधी वाटलं, गेला आपला तास, आता बाजार. पण नवरा माझ्यापेक्षा हुशार निघाला. त्याने घरी सांगितलंय की चांगली कोथिंबीर शिवडीलाच मिळते आणि तिथला माणूस उशिरा येतो. सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही की शिवडीत गोदामांच्या मध्ये भाजी कोण विकतं. मी सांगितलं ना, त्यांना काय काय माहीत असतं ते मी विचारत नाही.

कोथिंबीर आम्ही लालबागच्या मार्केटमधूनच घेतो, येता येता, काळी सायकल मी धरून उभी राहते तेवढ्यात. दोघंही अजून दमलेलेच असतो. पण उशीर झाला तर कोणी काही म्हणत नाही. शिवडीचा माणूस आला नसेल.